एका शेतकऱ्याच्या लग्नाचा कागद

राजांचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे साधने हात जोडून उभी असतात. परंतु ज्याला आपले नाव जेमतेम खरडता येई, अशा शेतकऱ्याचा इतिहास कशावरून लिहावयाचा? अब्राहम लिंकन यांचे वडील टॉमस यांच्याविषयी हाच प्रश्न उभा राहिला.

टॉमस हे अमेरिकेतील केंटकी प्रांतातले सुतार व शेतकरी. त्यांची पत्नी नॅन्सी हँक्स १८१८ साली वारली, तेव्हा अब्राहम नऊ वर्षांचा होता. पुढे हाच मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच्या आईबापांचे लग्नच झाले नव्हते, अशी कुजबुज उठली. ज्या हार्डिन परगण्यात त्यांनी संसार मांडला, तेथील दप्तरात लग्नाची नोंद मिळेना. नोंद नाही म्हणजे लग्न नाही, असा निकाल देऊन मंडळी मोकळी झाली!

वास्तविक लग्न लागले होते वधूच्या आप्तांकडे, वॉशिंग्टन परगण्यात. तेथील कचेरीत १८७८ साली कागद निघाले. त्या काळी केंटकीत वराला लग्नापूर्वी जामीनदारासह ५० पौंडांचा मुचलका लिहून द्यावा लागे. १० जून १८०६ च्या अशा मुचलक्यावर टॉमस यांची सही आहे. जेसी हेड या धर्मोपदेशकाने आपण लावलेल्या लग्नांची यादी कचेरीकडे धाडली, तीत हे लग्न १२ जूनला लागल्याचे नमूद आहे. थोरली मुलगी सारा १८०७ सालची, अब्राहम १८०९ सालचा. आणखी काय पुरावा हवा?

कुळाचा धागाही असाच जुळला. न्यू इंग्लंडमधील लिंकन घराण्याशी आपले नाते जोडू पाहता नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागले नाही, असे लिंकन यांनी १८५९ साली लिहिले होते. पुढे संशोधकांनी जुनी दप्तरे तपासून ते नाते सिद्ध केले. १६३७ साली इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आलेल्या सॅम्युअल लिंकनपर्यंत वंशावळ पोचली.

नावावरून तर्क करता येतो. सिद्धान्ताला कागदच लागतो. आणि कागद मिळाला नाही, तर आपण योग्य गावी शोधला काय, हे आधी पाहावे. माणसाच्या अब्रूवर बोट मागाहून ठेवावे. नॅन्सीच्या नावावरचा डाग पुसणारा कागद ७२ वर्षे कचेरीत पडून होता. तो निघाला तेव्हा तिच्या मुलाचा खून होऊन १३ वर्षे लोटली होती.