झग्याचा मान

भांडण चालू असतानाच त्याची कागदपत्रे जुळवायला बसणारा इतिहासकार विरळा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मध्ययुगीन इतिहास शिकवणारे एर्न्स्ट कांटोरोविच यांनी ते केले. ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका स्वतःच छापून घेतली. तिच्यात कागदपत्रे होती आणि त्यांवर समासातल्या टिपा. ज्या वादात त्यांची नोकरी गेली, तो अमेरिकेच्या इतिहासात कम्युनिस्टविरोधी शपथेचा वाद म्हणून नोंदला गेला आहे. कांटोरोविच यांचे बाकीचे कागद आज न्यूयॉर्कच्या लिओ बेक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. पण ही पुस्तिका त्या वर्षातल्या घटनांशेजारी ठेवून वाचली, तरी कम्युनिस्ट हे निमित्त होते आणि खरा तंटा विद्यापीठ कोणाचे हा होता, हे पुरेसे स्पष्ट होते.

मार्च १९४९ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट स्प्राउल यांच्याच प्रस्तावावरून रीजंट मंडळाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च नियामक मंडळाने, ही शपथ मंजूर केली. शिक्षकांना ती कळायला उन्हाळा उजाडला. शपथेचा कागद आला तो वर्षाच्या नेमणुकीच्या पत्राबरोबर: सही करा, मग पगार. वीस-वीस वर्षे शिकवणाऱ्या कायम प्राध्यापकालाही त्या एका पाकिटाने सालदार करून टाकले. १४ जून १९४९ रोजी अधिसभेत कांटोरोविच बोलले. (तिथली अधिसभा शिक्षकांचीच, आपल्याकडच्यासारखी संस्थाचालक, पदवीधर आणि नामनिर्देशित सदस्यांची मोट नव्हे.) बोलणारा माणूस डावा नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत त्यांनी डाव्यांविरुद्ध बंदूक उचलली होती, आणि त्या कृतीने आपण नकळत नाझींचीच वाट मोकळी केली, अशी कबुलीही दिली होती. १९३४ मध्ये हिटलरच्या नावाची शपथ नाकारून ते फ्रँकफर्टच्या अध्यासनावरून दूर झाले होते. अशा शपथा निरुपद्रवी शब्दांनी सुरू होतात आणि मग शब्द बदलत जातात, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते.

आता १९५० चा उन्हाळा पाहा. सही न करणाऱ्यांची सुनावणी अधिसभेच्याच समितीने घेतली आणि बहुतेकांना ठेवावे अशी शिफारस केली. २१ जुलैला रीजंटांनी ती १० विरुद्ध ९ मतांनी मान्य केली. तेव्हा विरोधी गटाचे पुढारी जॉन फ्रान्सिस नेलन यांनी आपले मत ऐनवेळी फिरवून बाजूने टाकले. कारण साधे होते: फेरविचाराचा ठराव जिंकलेल्या बाजूच्या सदस्यालाच मांडता येतो. २५ ऑगस्टला १२ विरुद्ध १० मतांनी ३१ जण बडतर्फ झाले. यांतला कोणीही कम्युनिस्ट असल्याचा आमचा आरोप नाही, प्रश्न शिस्तीचा आहे, हे एव्हाना रीजंटांच्याच तोंडून बाहेर पडले होते. या कबुलीनंतर वाद विचारसरणीचा होता असे म्हणणे कठीण जाते. शिक्षकांच्या समितीचा निवाडा बांधील मानायचा की नुसता ऐकून घ्यायचा, एवढाच मुद्दा उरला होता.

कांटोरोविच यांचे उत्तर मध्ययुगातून आले. झगा घालण्याचा मान तीन पेशांना आहे: न्यायाधीश, धर्मगुरू आणि प्राध्यापक. न्यायाधीश न्यायालयाचा नोकर नसतो, तोच न्यायालय असतो; तसेच प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून विद्यापीठ. रीजंट येतील, जातील. यावर पहिला आक्षेप असा, की ही श्रेणीसंस्थेची मिजास झाली. झगा नसलेल्या कारकुनाने आणि साहाय्यक शिक्षकाने जायचे कुठे? आक्षेप खरा आहे. अधिसभेबाहेरच्या कर्मचाऱ्यांना तिच्या समितीचे कवच नव्हते आणि त्यांच्या नोकऱ्या फारशा गाजावाजाविना गेल्या. शिवाय खुद्द अधिसभेने मार्च १९५० मधल्या टपाली मतदानात, कम्युनिस्ट शिक्षक व्हायला अपात्र, हे तत्त्व मोठ्या बहुमताने मान्य करून टाकले होते. म्हणजे कसोटी शिक्षकांनी स्वीकारली, भांडले ते ती लावण्याच्या पद्धतीवरून. पण यातून झग्याचा दावा खोटा ठरत नाही, तो अपुरा ठरतो. हक्क थोड्यांपुरता होता म्हणून त्या थोड्यांकडूनही काढून घ्यावा, हे तर्कट मला पटत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते, रीजंट जनतेचे विश्वस्त, मग शिक्षकांनी त्यांचे का ऐकू नये? याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या राज्यघटनेतच सापडते. रीजंटांना स्वायत्तता दिली ती विद्यापीठ राजकीय आणि पंथीय दबावापासून दूर राहावे म्हणून. तोच दबाव आत आणण्यासाठी ती वापरायची नव्हती. बडतर्फांच्या दाव्यात एप्रिल १९५१ मध्ये अपील न्यायालयाने साधारण असाच कौल दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑक्टोबर १९५२ मध्ये बडतर्फांना परत घ्या म्हणताना वेगळाच आधार घेतला: सरकारी नोकरांच्या निष्ठेचा विषय राज्याच्या कायद्याने व्यापला आहे, रीजंटांना स्वतःची शपथ लादता येत नाही. म्हणजे प्राध्यापक जिंकले ते सरकारी नोकर म्हणून. परत येणाऱ्याला एकच अट होती: १९५० च्या लेव्हरिंग कायद्याने घालून दिलेली राज्याची शपथ घ्यायची. कांटोरोविच तोवर प्रिन्स्टनला निघून गेले होते.