मॅन्डिबल म्हणजे खालचा जबडा: रिपोर्टमधला शब्द कसा वाचावा?

आरे कॉलनीतून मरोळकडे दुचाकीने जाताना गाडी घसरते, हनुवटी आपटते. टाके पडतात, सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्टमध्ये ‘मॅन्डिबल, कॉन्डाइल फ्रॅक्चर’ असे लिहून येते. मग नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, मार हनुवटीला लागला, कानाजवळचं हाड कसं मोडलं?”

मॅन्डिबल म्हणजे खालच्या जबड्याचे हाड. चावणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून हा शब्द आला. घोड्याच्या नालेसारखे हे एकच सलग हाड. त्याची दोन टोके, म्हणजे कॉन्डाइल, कानांच्या पुढे कवटीशी सांध्याने जोडलेली असतात. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, सांधा हलताना जाणवेल. हनुवटीवरचा धक्का थेट तिथे पोहोचतो.

वरच्या जबड्याचे हाड मॅक्सिला. पण नातेवाईक परदेशात असतील आणि तिकडचा रिपोर्ट हाती आला, तर जपून. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीजमध्ये खालच्या जबड्याला आजही कधी ‘खालचा मॅक्सिलर’ या अर्थाचे नाव देतात. नुसता ‘मॅक्सिलर’ वाचून वरचा जबडा समजू नका. जर्मनमध्ये ‘उंटरकीफर’ म्हणजे खालचा जबडा. ‘कीफर’चा दुसरा अर्थ पाइनचे झाड, त्यामुळे मोबाइलवरच्या भाषांतरात झाड उगवले तर घाबरू नका! आपला शब्द हनु. हनुवटी त्यातलीच, आणि इंग्रजी ‘चिन’, जर्मन ‘किन्न’ हेही त्याच कुळातले.

लहान मुलांबाबत मात्र विशेष सांगायचे आहे. मूल हनुवटीवर पडते, जखम शिवली जाते आणि सगळे निश्चिंत होतात. कॉन्डाइलची इजा तशीच राहून गेली तर पुढे सांधा आखडू शकतो, तोंड उघडेनासे होते, जबड्याची वाढ खुंटते. म्हणून टाके घातल्यावरही मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगा. हनुवटी एका बाजूला सरकते का, दात पूर्वीसारखे जुळतात का, ते पाहा.

कानापुढे दुखणे, कानातून रक्त येणे, खालचा ओठ बधिर होणे, दात न जुळणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी तोंड व जबड्याच्या सर्जनला दाखवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट इमर्जन्सी विभागात न्या. तपासणी होईपर्यंत कडक काही चावायला देऊ नका.