पोळपाट कुठे ठेवायचा?

नवीन फ्लॅट सजवायला घेतला की खर्चाच्या यादीत एक ओळ फार जड असते : मॉड्युलर किचन. सोफा पुढच्या दिवाळीला घेता येतो, पडदे वर्षभर जुने चालतात. पण ओटा आणि ट्रॉल्या एकदा बसल्या की दहा-पंधरा वर्षं हलत नाहीत. म्हणून आपण रंग निवडायला चार रविवार घालतो. लॅपटॉपवर थ्रीडी चित्रं बघतो. मॅट की ग्लॉसी यावर वाद घालतो.

त्या थ्रीडी चित्रांत एक गोष्ट कधीच नसते. माणूस. ओट्यापाशी कोणीही उभं नसतं, त्यामुळे हे स्वयंपाकघर कोणाच्या मापाचं आहे हा प्रश्न पडतच नाही. माप मात्र कोणाचं तरी असतंच. ते कुठून आलं हे शोधायला गेलं की आपण शंभर वर्षं मागे, जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात पोचतो.

फ्रँकफर्ट, १९२६

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. १९२५मध्ये एर्न्स्ट माय हा वास्तुविशारद फ्रँकफर्टच्या नगररचनेचा प्रमुख झाला आणि पुढच्या पाच वर्षांत शहराने हजारो लहान, स्वस्त घरं बांधली. त्यांतल्या स्वयंपाकघराचं काम मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या २९ वर्षांच्या वास्तुविशारद बाईकडे आलं.

तोवर कामगारांच्या घरात वेगळं स्वयंपाकघर नसायचंच. एकाच खोलीत चूल, जेवण, अंघोळ, रात्री तिथेच अंथरुणं. आपल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा, फार फरक नव्हता.

तिकडे अमेरिकेत कारखान्यांत स्टॉपवॉच आलं होतं. फ्रेडरिक टेलरच्या पद्धतीने मजुराची एकेक हालचाल मोजून वाया जाणारा वेळ काढून टाकायचा. क्रिस्टिन फ्रेडरिक या बाईने तीच पद्धत घरकामाला लावली आणि १९१३मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ती स्वयंपाकघराचा नकाशा काढायची, बाई काम करताना कुठून कुठे जाते त्या रेषा त्यावर ओढायची आणि वस्तूंच्या जागा बदलून रेषा कमी करायची. हे पुस्तक जर्मन भाषेत आलं आणि शुट्टे-लिहोत्स्कीने ते बारकाईने वाचलं. शिवाय रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर तिच्यासमोर होतंच : एवढ्याशा जागेत शेकडो लोकांचं जेवण.

यातून जे तयार झालं ते १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं. म्हणजे साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट. खिडकीपाशी कामाचा ओटा आणि बसून काम करायला फिरतं स्टूल. ओट्यातच सालं-देठं ढकलायला खाच आणि खाली कचऱ्याचा खण. भांडी निथळायला रॅक. भिंतीतून खाली पडणारा इस्त्रीचा फळा. छताला पट्टीवर सरकणारा दिवा. तांदूळ, साखर, डाळी यांच्यासाठी नावं लिहिलेले अॅल्युमिनियमचे ओढायचे डबे. पिठाचा खण ओक लाकडाचा, कारण त्याने किडे लागत नाहीत असा अनुभव होता. रंग निळा, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानत. सगळं भिंतीला जोडलेलं, आणि खर्च घरभाड्यात विभागलेला.

अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. ओळीत जोडलेली कपाटं, ठरलेली मापं, प्रत्येक वस्तूला तिचा खण : आज आपल्याला शोरूममध्ये जे दिसतं त्याचं हे खापरपणजोबा. त्यातलं एक आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

हे बनवणाऱ्या बाईचा हेतू स्वच्छ होता. बाईचे घरकामातले तास कमी झाले तर तिला नोकरीला, वाचायला, स्वतःला वेळ मिळेल. ती डाव्या विचारांची होती. पुढे नाझींविरुद्धच्या गुप्त चळवळीत सामील झाली, १९४१मध्ये पकडली गेली आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिली. १९९७मध्ये तिने शंभरी गाठली, आणि तोवर लोक त्या एकाच स्वयंपाकघराबद्दल विचारतात याचा तिला वैताग आला होता. आणखी एक गोष्ट ती स्वतःच सांगायची : हे काम करेपर्यंत तिने कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता.

स्टॉपवॉचने न मोजलेलं

सव्वासहा फूट रुंदीत दोन्ही बाजूंची कपाटं वजा केली की मधे एका माणसापुरती वाट उरते. ही चूक नव्हती, हीच योजना होती. कमीत कमी पावलं टाकायची तर सगळं हाताच्या अंतरावर हवं, आणि सगळं एकाच्या हाताच्या अंतरावर आणलं की दुसऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही.

लोकांनी तक्रारी केल्या. काहींनी आत टेबल घुसवायचा प्रयत्न केला. खालच्या ओळीतले डबे लहान मुलांच्या हाती लागायचे. १९७०च्या दशकात स्त्रीवाद्यांनी नेमकं बोट ठेवलं : काम सोपं झालं, पण ते एकटीचंच आहे हे भिंतीतच पक्कं झालं. नवरा मदतीला आला तरी उभा कुठे राहणार?

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा प्रकार मला ओळखीचा वाटतो. जे मोजलं ते सुधारतं. जे मोजलंच नाही ते कोणाला दिसतही नाही. फ्रँकफर्टमध्ये पावलं मोजली, माणसं एकच धरली. एका युजरसाठी झकास चालणारी सिस्टिम दुसऱ्याने लॉग-इन करताच हँग होते, तसं.

जमीन सोडली तेव्हा

आपल्याकडे बदल वेगळ्या वाटेने आला. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. धूर होता, गुडघे आणि कंबर जायची, त्यात गोड काही नाही. पण जमिनीवर बसून काम करताना माप हा प्रश्न फारसा येत नाही. पावणेपाच फुटांची आजी आणि साडेपाच फुटांची सून एकाच परातीपाशी बसू शकतात. लग्नघरात चार बायका गोल करून पोळ्या लाटतात त्या त्यामुळेच.

मग स्टोव्ह आला, गॅस आला, आणि कडप्प्याचा ओटा आला. उभ्याने स्वयंपाक सुरू झाला आणि त्या क्षणी ‘किती उंचीवर?’ हा प्रश्न जन्माला आला. शिवाय ओटा भिंतीला लागून असल्यामुळे काम करणारीची पाठ घराकडे झाली.

त्यानंतर मॉड्युलर किचन आलं ते तयार मापं घेऊन. तिकडे ओट्याची रूढ उंची ३६ इंच. लिलियन गिल्ब्रेथ या अमेरिकन इंजिनिअर बाईने त्याच काळात आग्रह धरला होता की ओट्याची उंची तिथे काम करणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरवावी. कारखान्यांना ते परवडणारं नव्हतं, त्यामुळे एकच माप सगळ्यांना लागलं. भारतीय बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. ३६ इंची ओट्यावर भाजी चिरताना त्यांचे खांदे वर उचललेले राहतात, रोज, दोन वेळा.

मग आपण काय मोजायचं?

पहिलं, कोपर. घरात घालता त्या चपला घालून सरळ उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की चिरण्यासाठी योग्य उंची मिळते. पाच फुटांच्या माणसाला ती साधारण ३२-३३ इंच येते, पाच फूट आठ इंचाच्या माणसाला ३७-३८. दोघंही काम करणार असतील तर ओटा बुटक्या माणसाच्या मापाचा करा. उंच माणूस जाड लाकडी फळ्यावर चिरू शकतो. बुटक्या माणसाने गॅससमोर पाटावर चढणं धोक्याचं.

दुसरं, शेगडी. ओट्यावर ठेवलेली शेगडी चार-सहा इंच वर जाते, त्यावर कुकर आला की आतलं दिसत नाही. शेगडीपुरता ओटा तेवढाच खाली घ्या, किंवा ओट्यात बसणारा हॉब घ्या.

तिसरं, कणीक. मळताना अंगाचा भार वरून यायला हवा, त्यामुळे ती उंच ओट्यावर नीट मळली जात नाही. डायनिंग टेबल साधारण ३० इंचांचं असतं. परात तिकडे न्या.

चौथं, पोळपाट. पाश्चात्त्य पुस्तकांत सिंक, गॅस आणि फ्रिज यांचा त्रिकोण सांगतात : प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट, एकूण सव्वीस फुटांच्या आत. आपल्या स्वयंपाकात त्याला चौथा कोपरा आहे आणि तो तव्याला चिकटून लागतो. गॅसच्या एका बाजूला सलग दोन फूट ओटा रिकामा हवा. गॅस भिंतीच्या कोपऱ्यात ढकलला की एक लाटतोय आणि दुसरा भाजतोय हे जमत नाही. आमच्या घरी पोळ्या अशाच होतात, त्यामुळे ही दोन फूट माझ्यासाठी ग्रॅनाइटच्या रंगापेक्षा महत्त्वाची.

पाचवं, वाट. समोरासमोर ओटे असतील तर मधे एका माणसाला ४२ इंच आणि दोघांना ४८ इंच हवेत. तेवढी जागा नसेल तर एकाच भिंतीला ओटा किंवा एल आकार घ्या, आणि उरलेल्या भिंतीला कमी खोलीचे डब्यांचे रॅक.

सहावं, ट्रॉल्या. ओट्याखाली शटरचं कपाट असेल तर मागची भांडी काढायला वाकून आत डोकं घालावं लागतं; ओढायच्या ट्रॉलीत सगळं वरून दिसतं. जड आणि रोजचं गुडघा ते खांदा या पट्ट्यात ठेवा, वर्षाचं धान्य आणि सणाची भांडी माळ्यावर. डब्यांवर नावं लिहा. नावं असली की जो कधी स्वयंपाक करत नाही त्यालाही जिरं सापडतं, आणि ‘मला सापडत नाही’ ही सबब जाते.

कोटेशनवर सही करण्याआधी रिकाम्या खोलीत जमिनीवर मास्किंग टेपने ओट्याची कड आखा. गॅस, सिंक, फ्रिज यांच्या जागी खोके ठेवा. मग घरातली दोन माणसं आत उभी करा. एकाने पोळ्या लाटायचा अभिनय करायचा, दुसऱ्याने भांडी घासायचा, आणि मधेच तिसऱ्याने फ्रिजमधून पाणी घ्यायला यायचं. जिथे धक्का लागतो तिथली टेप सोलून सहा इंच सरकवा आणि परत करून बघा. रंग त्यानंतर निवडा.