आरशाचा सिलिंडर नंबर

1800 साल, लंडन. 27 वर्षांचा एक डॉक्टर एका लांबट पट्टीला डोळा लावून बसलाय आणि तुम्ही त्याच्या खांद्यावरून बघताय. पट्टीवर एक बारीक रेघ ओढलेली आहे. डोळ्याशी दोन अरुंद फटी आहेत. त्यांतून पाहिलं की रेघेच्या दोन रेघा दिसतात आणि डोळ्याची नजर जिथे नेमकी ठरते तिथे त्या एकमेकींना छेदतात. छेदाचं अंतर पट्टीवर वाचायचं, संपलं. थॉमस यंग फटी फिरवतो, पुन्हा बघतो आणि थबकतो. एका दिशेने अंतर 10 इंच येतंय, काटकोनातल्या दिशेने 7.

आज चष्म्याच्या दुकानात याला 'सिलिंडरचा नंबर' म्हणतात आणि काम दोन मिनिटांत उरकतात. यंगकडे दुकान नाही. दोष बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा की आतल्या भिंगाचा, हेही त्याला ठरवायचंय. म्हणून तो पाण्याने भरलेली नळी डोळ्याला टेकवतो. पाण्यामुळे पडद्याची वक्रता निकामी होते, तरी फरक तसाच राहतो. म्हणजे गुन्हेगार भिंग! डोळा उपटून टेबलावर ठेवता येत नाही, तेव्हा बिघडलेल्या डोळ्यानेच त्या डोळ्याची तपासणी करायची, ही त्याची रीत. पुढच्याच वर्षी हा गृहस्थ प्रकाशलहरींचं व्यतिकरण जगापुढे मांडणार आहे. तुम्ही आता जिथे जाताय ते अख्खं यंत्र त्याच कल्पनेवर उभं आहे.

2014 चा वसंत. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं लिव्हिंग्स्टन, गुरुत्वीय लहरी शोधणारी लायगो वेधशाळा. बाहेर पाइनची झाडं आणि दमट हवा, आत नियंत्रण कक्षात पडद्यांची रांग. पहिली गुरुत्वीय लहर सापडायला अजून दीड वर्ष आहे, पण हे तुमच्याशेजारी बसलेल्यांना ठाऊक नाही. तुम्हीही बोलू नका.

इथे यंत्राच्या प्रत्येक भुजेत, निर्वात नळीच्या दोन टोकांना, 4 किलोमीटर अंतरावर, दोन आरसे टांगलेत. प्रत्येक 34 सेंटिमीटर व्यासाचा, 40 किलोचा, काचेच्या तंतूंवर लोंबणारा. दूरच्या आरशाची वक्रतात्रिज्या सुमारे 2245 मीटर. हा आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून असं बघा: काठाच्या तुलनेत आरशाचा मध्य जेमतेम 6 मायक्रॉन खोल आहे. आता उभ्या आणि आडव्या दिशेच्या त्रिज्यांत 1 मीटरचा फरक पडला असं धरा. काठावर तो साधारण 3 नॅनोमीटरचा होतो. घासणाऱ्यांनी कारखान्यात मोजमाप करून दिलंय हे खरं. पण त्यानंतर त्यावर लेप चढला, तो टांगला गेला, आणि लेझरने तापणार आहे. टांगलेला आरसा उतरवून टेबलावर कोण ठेवणार?

शेजारची तरुणी हिरवा लेझर चालू करते. तो दूरच्या टोकाकडून आत येतो, दोन आरशांमधल्या पोकळीला धरून ठेवतो आणि मग मुख्य अवरक्त लेझरच्या हिशेबाने तिची लांबी हळूहळू सरकवू देतो. अर्धा मायक्रॉन सरकली की एक पूर्ण फेरी, वारंवारतेत 37.5 किलोहर्ट्झ. पडद्यावर आलेख उमटू लागतो: एक उंच सुळका, लांबलचक सपाटी, मग पुन्हा सुळका. या उंच सुळक्यांकडे तुम्ही दुर्लक्ष करा. नजर पुढच्या सुळक्याच्या 5 किलोहर्ट्झ अलीकडे ठेवा. तिथे एक बारकं टेंगूळ आहे. प्रकाशाचा ठिपका एकसंध न राहता दोन पाकळ्यांचा होतो, ती त्याची जागा. ही जागा आरशांच्या वक्रतेवरून ठरते. गोलाई सगळीकडे सारखी असेल तर वर-खाली पाकळ्यांचा ठिपका आणि डाव्या-उजव्या पाकळ्यांचा ठिपका एकाच वारंवारतेला जुळतात. नसेल तर दोन सूर निघतात. तबल्याच्या गजऱ्यावर हातोडी ठोकत प्रत्येक घराचा सूर मिळवणारा माणूस हेच करतो, फक्त त्याला कान पुरतो.

इथे कान पुरत नाही. 1 मीटरच्या फरकाने सूर सरकतो तो फक्त 13 हर्ट्झ, आणि टेंगळाची रुंदीच 80 हर्ट्झच्या आसपास. दोन्ही सूर एकाच ढिगाऱ्यात पुरलेले. मला या सगळ्या प्रकारातली पुढची युक्ती सर्वांत आवडते. ती तरुणी आरसा मुद्दाम बिघडवते! आधी 1 मायक्रोरेडियनभर खाली झुकवते. कॅमेऱ्यात ठिपका एकावर एक अशा दोन पाकळ्यांत फुटतो आणि आलेखातलं टेंगूळ फुगतं. त्याचा मध्य टिपून घेते. मग आरसा सरळ करून तेवढाच बाजूला वळवते. आता पाकळ्या शेजारी-शेजारी. पुन्हा मध्य. दोन मध्यांतलं अंतर म्हणजे या पोकळीचा सिलिंडर नंबर. अक्ष तिरका निघाला तर दोन्ही वेळा पाकळ्यांची सरमिसळ होते आणि हिशेब चिघळतो. मग वरच्या क्रमांकाचे ठिपके शोधायचे, कारण त्यांच्यात तोच फरक दुपटीने, तिपटीने दिसतो.

नंबर कळला, चष्मा कुठाय? त्यासाठी थोडं मागे, जर्मनीतल्या हॅनोव्हरजवळच्या शेतांत चला. गुरुत्वीय लहरी टिपणारी जीईओ 600 ची यंत्रणा इथे शेताच्या बांधाला धरून धावते. 2003 च्या सुमारास इथल्या एका आरशाची त्रिज्या हवी त्यापेक्षा सुमारे 20 मीटरने जास्त निघाली. नवा आरसा घडवण्याऐवजी त्यांनी मागे एक तापती कडी बसवली. पाठ तापली, प्रसरण पावली, पुढचा खळगा थोडा खोल झाला, त्रिज्या आटोक्यात आली. पण ती कडी उभ्या आणि आडव्या दिशेला सारखी ऊब देत नव्हती. आधी नसलेलं दृष्टिवैषम्य, म्हणजे हाच सिलिंडर नंबर, औषधानेच आणलं. दहाएक वर्षांनी त्याच आरशाच्या दोन बाजूंना आणखी तापक लावले गेले, केवळ हा नवा नंबर उतरवायला. तुम्ही तिथे उभे राहून हसाल, पण एका तापकाची चूक दुसऱ्या तापकाने निस्तरायची आणि आरशाला हात लावायचा नाही, यात नामुष्की काहीच नाही.

आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या हॅनफर्डला बसणार होतं त्या तिसऱ्या यंत्राचे भाग इथे यायचेत. इथेही 4 किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि मराठवाड्याचा उन्हाळा असेल. आरसे टांगून झाले की कुणीतरी हिरवा लेझर लावून पहिली फेरी घेईल, आरसा आधी खाली झुकवेल, मग बाजूला वळवेल, आणि वहीत दोन आकडे लिहील.