बाटलीतला कार्बन

परवा रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन फिशटँकसमोर बसलो आणि बघतो तर काय, तळाशी अकरा चेरी श्रिंप आडवे! ४० लिटरचा छोटा टँक, एक मंद एलईडी, थोडं जावा मॉस, दोन अनुबियास आणि मागे व्हॅलिसनेरियाची रांग. आदल्या रात्री पानांवरच्या काळ्या शेवाळाला वैतागून 'लिक्विड कार्बन'चं एक झाकण भरून ओतलं होतं. म्हटलं झाडांचा खाऊच तर आहे, थोडा जास्त झाला तर काय बिघडतंय? नंतर सिरिंजनं मोजलं. झाकणात १० मिली मावतात. डोस होता १ मिलीचा.

मग हापिसात सर्व्हर कोसळल्यावर करतो तेच केलं. आधी निम्मं पाणी बदललं, आणि मग लॉग उलटे वाचत बसलो. वाचता वाचता थेट १८४९ सालात पोचलो.

रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या अपोथेकरीज हॉलमधला रसायनशास्त्रज्ञ. झाडामुळे 'खराब' हवा सुधारते हे प्रीस्टलीनं पुदिन्याच्या प्रयोगातून १७७१ मध्ये पाहिलं होतं आणि त्याला उजेड लागतो हे इंगेनहाऊझनं १७७९ मध्ये दाखवलं होतं. वॉरिंग्टनला बघायचं होतं की हा हिशोब बंद भांड्यातल्या पाण्यात जुळतो का. त्यानं १२ गॅलनच्या काचेच्या भांड्यात पाणी, वाळू, खडे घातले, दोन गोल्डफिश सोडले आणि एक झाड लावलं. कुठलं? व्हॅलिसनेरिया! हो, तीच, बारावीच्या बायोलॉजीत 'पाण्यामार्फत परागण' म्हणून आपण घोकलेली.

काही दिवस मजेत गेले. मग जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. थोडक्यात, माझ्या टँकसारखंच. आता हा माणूस रसायनशास्त्रज्ञ, हाताशी बाटल्याच बाटल्या. पण त्यानं भांड्यात काय टाकलं असेल? तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी. त्यांनी कुजकी पानं आणि तो थर फस्त केला, पाणी निवळलं, आणि वर त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. १८५० मध्ये त्यानं हे केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' आलं आणि इंग्लंडात घरोघरी टँकचं वेड पसरलं.

पुढची उडी १९८०च्या दशकातल्या जपानमध्ये. ताकाशी आमानो यांनी झाडांनी गच्च भरलेले टँक लोकप्रिय केले. वर लख्ख उजेड, आणि पाण्यात सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साईड. कारण हवेच्या तुलनेत पाण्यात हा वायू साधारण १०,००० पट हळू पसरतो. भरपूर उजेड असला की झाडांची भूक वाढते आणि कार्बन कमी पडतो. आणि शेवाळाला काय? तर एक छोटी कोळंबी. आज तिला जगभर 'आमानो श्रिंप' म्हणतात. म्हणजे वॉरिंग्टनच्या गोगलगायीचंच काम, फक्त कामगार बदलला.

पण सिलिंडर महाग, घरच्यांना भीती वाटते ती वेगळीच. मग बाटली आली. सीकेमचं 'फ्लरिश एक्सेल' त्यातलं सगळ्यात गाजलेलं. बाजारातल्या बहुतेक लिक्विड कार्बनचं मूळ एकच, ग्लुटारल्डिहाईड. आणि या बाईंचा बायोडेटा वाचून मी चाटच पडलो. १९६०च्या दशकापासून दवाखान्यात एंडोस्कोपसारखी उपकरणं निर्जंतुक करायला हिचं २ टक्क्यांचं द्रावण वापरतात. कातडं कमावायलाही वापरतात. १९६३ मध्ये साबातिनी, बेन्श आणि बारनेट यांनी दाखवलं की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायच्या पेशी हिच्यामुळे आहेत तशा 'गोठून' राहतात. तिन्ही ठिकाणी काम एकच: प्रथिनांना एकमेकांशी टाके घालणं. शेवाळ मरतं ते याचमुळे. आणि डोस चुकला की श्रिंपचे कल्लेही ती सोडत नाही.

बरं, कार्बन तरी किती मिळतो? चला, हिशोब करू. द्रावण २ टक्के धरलं तर १ मिलीत २० मिलीग्रॅम. ४० लिटरमध्ये म्हणजे लिटरला अर्धा मिलीग्रॅम. त्यात वजनानं ६० टक्के कार्बन, म्हणजे ०.३. जिवाणूंनी तो सगळाच्या सगळा कार्बन डायऑक्साईड केला असं मानलं तरी लिटरला दिवसाचा १.१ मिलीग्रॅम. सिलिंडरवाले लिटरला २०-३० मिलीग्रॅम राखतात! आणि माझ्या टँकमध्ये उजेडच मंद. अनुबियास, मॉस ही सावकाश वाढणारी मंडळी. त्यांची अडचण कार्बन नव्हतीच. सीपीयू अडकलेला असताना मी रॅम वाढवत होतो.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. या बाटलीनं हमखास विरघळणारं झाड म्हणून अनुभवी लोक कुणाचं नाव घेतात माहितीये? व्हॅलिसनेरियाचं. जिच्यापासून हा छंद सुरू झाला तिचंच. बुधवारपर्यंत माझी मागची रांग मऊ पडून तरंगायला लागली होती.

बाटलीला सरसकट शिव्या घालायच्या नाहीत. मोजून टाकली तर शेवाळावर ती काम करते आणि श्रिंपही तगतात. फक्त ती खाऊ नाही, औषध आहे, हे लेबलवरच्या 'कार्बन' या शब्दानं मी विसरलो. औषध कुणी झाकणानं अंदाजे ओततं का?

आता दिवा आठऐवजी सहा तास चालू ठेवतोय. काळी पानं कात्रीनं कापून टाकली. बाटली औषधांच्या कपाटात गेली, सिरिंजसकट. उरलेल्या नऊ श्रिंपमधली एक काल पोटाशी अंडी घेऊन मॉसवर चरत होती. व्हॅलिसनेरियाच्या एका मुळातून बोटभर हिरवं पातं वर आलंय.

असो. गोगलगायी आणायला निघालोय. १७० वर्षांपूर्वीचा पॅच आहे, पण अजून चालतो.