कण्याची शस्त्रक्रिया आणि वेदनेचे शमन

शस्त्रक्रिया म्हटली की मनात भीती उभी राहते ती शस्त्राची. परंतु ज्यांनी कंबरेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली आहे, ते सांगतील की खरी कसोटी पुढेच असते. भूल उतरते, आणि साधी कूस बदलणे हेही दिव्य होऊन बसते. या वेदनेवर माणसाने उपाय कसा शोधला, ती कथा उद्बोधक आहे.

१८४६ साली बॉस्टन येथे मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला आणि संपूर्ण भुलेचे युग सुरू झाले. ही भूल सर्वस्वी निर्धोक मात्र नव्हती. क्लोरोफॉर्मने दगावणाऱ्या रोग्याचे आधी हृदय थांबते की श्वास, या वादाच्या निर्णयासाठी निजामांच्या आश्रयाने हैदराबादेत १८८८ व १८८९ साली दोन आयोग बसले होते. रोग्याची शुद्ध न हरपता केवळ दुखरा भागच बधिर करता येईल काय, हा विचार त्याच काळातला. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे सिद्ध केले. १८९१ मध्ये क्विंके यांनी कंबरेच्या मणक्यांमधून सुई घालून आतील द्रव काढण्याची रीत प्रसिद्ध केली.

हे दोन धागे जुळविले जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी. १६ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांनी एका रोग्याच्या कण्यातील द्रवात कोकेन सोडून त्याच्या घोट्यावर वेदनारहित शस्त्रक्रिया केली. परंतु रोग्याला नंतर डोकेदुखी व वांत्या झाल्या. तेव्हा आठच दिवसांनी बिअर आणि त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी स्वतःवरच प्रयोग आरंभिला. हिल्डेब्रांट यांच्या नडगीवर लोखंडी हातोडीने प्रहार केला, तरी त्यांना वेदना झाली नाही. पुढे मात्र बिअर यांना नऊ दिवस अंथरुणावर काढावे लागले. कण्यातील द्रव गळून गेल्याने हा त्रास झाला, हे अनुमान त्यांनी स्वतःच्या दुखण्यावरूनच बांधले.

१९२१ साली स्पेनमधील लष्करी शल्यविशारद फिडेल पाहेस यांनी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडण्याची पद्धत मांडली. पण १९२३ मध्ये त्यांना अपघाती मृत्यू आला आणि त्यांचे कार्य दीर्घकाळ अज्ञात राहिले. १९३४ साली मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील फाटलेली गादी मज्जातंतूवर दाब आणते हे दाखविले, आणि कंबरेच्या शस्त्रक्रिया वाढल्या.

येथे एक नवीच अडचण उद्भवली. शस्त्रक्रियेनंतर शल्यविशारदाला रोग्याची बोटे हलताना पाहायची असतात; मज्जातंतूला इजा झाली असल्यास ती तेथेच प्रथम कळते. बधिर करणारे औषध वेदना झाकते, तसेच पायांचे बळ हरपून ही खूणही झाकू शकते. १९७९ पासून अल्प मात्रेत मॉर्फिन कण्यात देण्याचा मार्ग खुला झाला. त्याने दुखणे शमते, पाय मात्र हलते राहतात. तथापि काही तासांनी श्वास मंदावण्याचा संभव असल्याने रोग्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. २०१६ साली कण्यालगतच्या लांब स्नायूखाली औषध सोडण्याची पद्धत वर्णिली गेली. ती मूळची छातीच्या दुखण्यासाठी. परंतु कंबरेच्या शस्त्रक्रियेतही ती योजिली जाऊ लागली.

निमूटपणे सोसणे हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. परंतु ज्याचे दुखणे आटोक्यात असते, तोच रोगी लवकर उठून चालू लागतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला मोकळेपणाने प्रश्न विचारावेत, आणि नंतर वेदना वाढली किंवा पाय जड वाटला, तर तत्काळ सांगावे. वेदना शमविणे आणि तिचा इशारा ऐकणे, ही दोन्ही कामे एकाच विद्येची आहेत.