अतिकठीण कार्बन-स्फटिकांचे संगणकीय भाकीत

कार्बनच्या अणूंची कोणाच्याही दृष्टीस न पडलेली, तथापि काठिन्यात हिऱ्याच्या जवळ जाणारी मांडणी प्रयोगापूर्वी गणिताने हुडकण्याची पद्धती. विकर्स मापनात ज्याचे काठिन्य ४० गिगापास्कलच्या वर भरते तो पदार्थ अतिकठीण समजतात. हिऱ्याचे सुमारे १०० भरते.

ग्राफाइटातील अणू तिघा शेजाऱ्यांशी व हिऱ्यातील चौघांशी बांधलेला असतो. चतुर्बंधी जाळी अगणित प्रकारांनी कल्पिता येत असल्यामुळे, त्यांपैकी कोणती अल्पतम ऊर्जेत टिकेल, हाच खरा प्रश्न होय. कोह्न व शॅम यांच्या १९६५ च्या समीकरणांनी प्रत्येक रचनेची ऊर्जा काढता येते. ओगानोव्ह व ग्लास यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत यदृच्छेने घेतलेल्या रचनांतून सरस तेवढ्या राखून, त्यांचा संकर करून, पिढ्यांमागून पिढ्या तपासल्या जातात. हा हिशेब महासंगणकावाचून होत नाही. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात सप्टेंबर २०२४ मध्ये कार्यान्वित झालेला परम रुद्र हा पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने घडविलेला महासंगणक पदार्थविज्ञान व अणुभौतिकी यांसारख्या विषयांच्या कामी नेमलेला आहे.

या शास्त्राची कसोटी लागली ती थंड दाबलेल्या ग्राफाइटावर. सामान्य तापमानास सुमारे १७ गिगापास्कल दाबाखाली ग्राफाइट असे रूप घेते की ते दाब देणाऱ्या हिऱ्याच्या ऐरणीवरही खूण उमटविते, आणि दाब काढताच पूर्ववत होते, असे माओ प्रभृतींनी २००३ मध्ये दाखविले. परंतु क्ष-किरणांचा पुरावा इतका धूसर होता की त्यावरून रचना ठरविणे अशक्य झाले. मग दावे दाखल होऊ लागले. पाच व सात अणूंची कडी असलेला एम-कार्बन २००९ मध्ये, बीसीटी-सी४ २०१० मध्ये, डब्ल्यू-कार्बन २०११ मध्ये. शिवाय प्रत्येकाचा त्या धूसर पुराव्याशी मेळ बसतो असा आग्रह. या सर्वांहून हिराच कमी ऊर्जेचा असल्यामुळे ऊर्जेच्या तपशिलावरून तंटा मिटणे शक्य नव्हते. शीत ग्राफाइटातील अणूंना हिऱ्यापर्यंतची वाट दुर्गम असते, आणि जी रचना सर्वांत सुगम वाटेने गाठता येते तीच निसर्ग पत्करतो. २०१२ मध्ये या वाटांचेच गणित झाले व प्रयोगही झाले, तेव्हा निकाल एम-कार्बनच्या बाजूने झुकला.

उत्साहाचा अतिरेक मात्र ओसरला नाही. एकच जाळे निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा शोधले जाऊ लागले, म्हणून रशियातील समारा येथे अशा सर्व कल्पित व वास्तव जाळ्यांचे एक दप्तर उभारण्यात आले. नव्या रचनेचा दावा प्रथम त्या दप्तराशी ताडून पाहणे ही आता किमान सचोटीची बाब मानली पाहिजे.